भुताला बारा व्होल्ट लागतात

स्कूबी-डू या कार्टूनमधल्या भुतांबद्दल मला आदर आहे. त्यात चार पोरं आणि त्यांचा घाबरट, खादाड ग्रेट डेन कुत्रा स्कूबी भुतांचा छडा लावतात, आणि मुखवट्याआड बहुतेकदा माणूसच निघतो. ती उगाच हिंडत नाहीत. प्रत्येकाचं काही ना काही काम अडलेलं असतं. कोणाला पडका वाडा स्वस्तात लाटायचा असतो, कोणाला खाणीतलं सोनं काढायचं असतं. १३ सप्टेंबर १९६९ ला ही मालिका अमेरिकेत सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात रात्री रस्त्यावर एक बेवारस ट्रक सापडतो आणि स्टिअरिंगमागे कोण, तर काळं लोखंडी चिलखत! शेवटी ते काढल्यावर आत म्युझियममधलाच माणूस निघतो. महाशय चित्रं लांबवत होते.

हे सगळं मला आमच्या कन्येमुळे माहीत. वय वर्षे दहा, जेवताना समोर कार्टून लागतं. सध्या तिचा आवडता भाग म्हणजे २००२ साली सुरू झालेल्या नव्या मालिकेतला. त्यात त्या मंडळींच्या स्वतःच्याच गाडीला भूत लागतं. ती निळी-हिरवी, नारिंगी फुलांची व्हॅन हो. आपणहून चालू होते, कोणाचं ऐकत नाही, आणि तपास करता करता गाडीच्या आधीच्या मालकांपर्यंत, एका म्युझिक बँडपर्यंत प्रकरण जातं. गुन्हेगार कोण हे मी सांगणार नाही, घरात राहायचंय मला.

तर हा भाग घरात रोज रात्री चालू असतानाच आमच्या बिल्डिंगमधली गाडी झपाटली.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, पहिल्या मजल्यावर. घर घेताना ‘लिफ्ट बंद पडली तरी टेन्शन नाही’ असं वाटलं होतं. आमच्या बेडरूमखाली स्टिल्ट पार्किंग, म्हणजे बिल्डिंगच्या खांबांमधली गाड्यांची जागा आहे, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात? आमच्या पलंगाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची हॅचबॅक उभी असते. काका-काकू मुलाकडे पुण्याला गेले, नातू झाला, तिथेच रमले. फ्लॅटला कुलूप, गाडीला राखाडी कव्हर, कव्हरवर धूळ आणि धुळीत कोणीतरी बोटाने काढलेला बदाम.

ऐन पावसाळ्यात एका रात्री या गाडीने हॉर्न दिला. पी करून एकदा वाजला तर माणूस कूस बदलतो आणि झोपतो. हा थांबेचना. मग आपोआप बंद. मी जेमतेम डोळा मिटला, तोच कव्हरखालून नाताळातली गोड धून सुरू झाली. गाडी मागे घेताना वाजते ना, ती. गाडी जागची हललेली नाही, बाहेर श्रावणाचा पाऊस, पहाटेचे अडीच, आणि खाली सांताक्लॉज रिव्हर्स घेतोय. बायको अंधारात म्हणाली, “अहो, जाऊन बघा ना.” मी म्हटलं, “बघायचंय काय, ऐकू येतंय की.” तरी गेलो. कव्हरच्या आत पिवळे दिवे उघडमीट करत होते. वॉचमन खुर्चीतून उठून माझ्या मागे उभा होता. संकटात तो नेहमी माझ्या मागेच असतो.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमध्ये तीन पक्ष पडले. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी कॅलेंडर काढून प्रदोष, अमावास्या असे मुहूर्त जुळवले. काकांच्या वडिलांना गाडीत मागे बसून फिरायची फार हौस होती, हेही त्यांना तेव्हाच आठवलं. तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरांनी ‘मॉइश्चर’ हा एकच शब्द उच्चारून डोळे मिटले. आणि तिसरा पक्ष, म्हणजे बाकी सगळे, माझ्याकडे संशयाने बघू लागले.

त्याला कारण आहे. पार्किंगच्या वेटिंग लिस्टवर पहिलं नाव माझं आहे. माझी गाडी बाहेर नवघर रस्त्याच्या कडेला बदामाच्या झाडाखाली असते. त्यामुळे तिचा मूळ रंग कोणता, हे आरसी बुक बघूनच सांगावं लागतं. काकांची गाडी हलली तर जागा माझी. म्हणजे मोटिव्ह! कन्येनेही मला स्पष्ट सांगितलं, “बाबा, नियमाने तूच सस्पेक्ट आहेस.”

मुंबईत माणूस खुनाच्या संशयातून सुटेल, पार्किंगच्या नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० साली निकाल दिला की बिल्डरला स्टिल्टमधली जागा वेगळी विकता येत नाही, ती सोसायटीची. तेव्हापासून प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी गृहस्थ असा असतो की ज्याने बिल्डरला त्याआधीच पैसे मोजलेले असतात आणि पावती मात्र नसते. आमच्याकडे असे तीन आहेत. शिवाय आमच्या सर्वसाधारण सभेने एक ठराव केलाय, की जागा फक्त चालू स्थितीतल्या गाडीला मिळेल, भंगाराला नाही. हा ठराव ध्यानात ठेवा.

मी काकांना पुण्याला फोन केला. ते म्हणाले, “अहो, गाडी एकदम टकाटक आहे. तुमचा भास असेल.” किल्ली मागितली तर म्हणाले, किल्ली इकडेच आहे. आता पंचाईत अशी की बॅटरीची तार काढायची तर बॉनेट उघडायला हवं, बॉनेटचा खटका आत, आणि दारं लॉक. सेक्रेटरींनी काच फोडण्याचा विषय कमिटीपुढे ठेवला. कमिटीने तो पुढच्या सभेवर टाकला. दरम्यान बेडरूम सोडून आम्ही हॉलमध्ये गाद्या घातल्या. हॉलमध्ये आवाज तेवढाच येतो, फक्त पाठ जास्त दुखते.

कन्येने मात्र वही घातली. खालच्या मजल्यावरचे दोन मित्र आणि बिल्डिंगमधला मोती नावाचा कुत्रा एवढी तिची टीम. मोती ग्रेट डेन नाही, पण घाबरट आहे आणि बिस्किटासाठी काहीही करतो, म्हणजे पात्रता पुरी. वहीत तिने भुताच्या वेळा लिहिल्या. आणि त्यातून असं निघालं की भूत रविवारी रात्री जोरात असतं, सोमवारी जरा कमी, मंगळवारी नुसतं घशातल्या घशात ‘प्वी’ करतं आणि नंतर आठवडाभर गप्प. पुन्हा रविवारी ताजंतवानं. काकूंच्या प्रदोषाचा पार निकाल लागला. मी एरवी तिच्या वह्यांना इतक्या आदराने हात लावत नाही.

हे मी माझ्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला सांगितलं. भांडुपचा आहे, कमी बोलतो. तो म्हणाला, “साहेब, महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी मरते. ही वाजतेय म्हणजे कोणीतरी चार्ज करतंय. भूत असलं तरी बारा व्होल्ट लागणारच की.”

पुढच्या शनिवारी रात्री कन्येला घेऊन मी खाली जिन्यात बसलो. मोती होता. साडेअकराच्या सुमाराला वॉचमन उठला, इकडेतिकडे बघून त्याने खिशातून किल्ली काढली, बॉनेट उघडलं आणि मीटररूममधल्या प्लगपासून एक लांब वायर ओढत आणली. टोकाला चार्जर. अगदी सराईतपणे लाल चिमटा लालला, काळा काळ्याला. कन्या एवढ्या जोरात “पकडलं!” म्हणून ओरडली की मोती पळून गेला.

बिचारा वॉचमन. काका त्याला महिन्याला काही पैसे पाठवत होते. शनिवारी चार्जिंग, रविवारी सकाळी सगळे उठायच्या आत अर्धा तास इंजिन चालू. कारण तोच तो ठराव! ‘चालू स्थितीत’ म्हणजे चालू स्थितीत. कोणाला सांगायचं नाही अशी ताकीद. “मी हॉर्न नाय वाजवला साहेब, आईशप्पथ,” तो म्हणाला. “मला पण भीती वाटते त्याची.”

म्हणजे सूत्रधार सापडला, पण भूत बाकी होतं. रविवारी गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने टॉर्च मारला. इंजिनवर कापूस, थर्माकोल, कोणाच्या तरी मोज्याचा अर्धा भाग आणि गणपतीच्या वर्गणीची पावती असं एक सुबक घरटं. आठवड्यातून एकदा ऊब देणारं, पावसापासून सुरक्षित, तेही स्टेशनपासून दहा मिनिटांवर! मुलुंडमध्ये एवढी चांगली जागा उंदरांनी सोडली असती तरच नवल. त्याने एक वायर बोटाने उचलून दाखवली. वरचं प्लास्टिक कुरतडून तांबं उघडं पडलेलं. हॉर्नचं बटण दाबलं की ती वायर गाडीच्या पत्र्याला जोडली जाते, म्हणजे अर्थिंग मिळतं, आणि हॉर्न वाजतो. इथे बटणाचं काम उंदीर करत होता. उंदीर वायरीवरून गेला, उघडी तार पत्र्याला टेकली, की पीऽऽ. मागच्या बाजूला रिव्हर्सची वायरही कुरतडलेली, ती शेजारच्या करंट असलेल्या उघड्या वायरीला टेकली की धून. म्हणजे नाताळची धूनही तेच कुटुंब वाजवत होतं.

सेक्रेटरींनी लगेच पालिकेच्या कीटक नियंत्रणवाल्यांना अर्ज करायचं ठरवलं. पालिकेकडे रात्री काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारणारी माणसं असतात, हे आमच्या कन्येला तेव्हाच कळलं आणि मोठेपणी काय व्हायचं ते ठरलं. सध्या तरी.

सभा झाली. मला वाटलं होतं लोक झोपेबद्दल बोलतील. भूत, उंदीर, माझी पाठ, कशाबद्दलही कोणाला चीड नव्हती. सगळी सभा पेटली ती कॉमन मीटरवर. “म्हणजे आमच्या मेंटेनन्समधून यांची बॅटरी?” तळमजल्यावरचे इंजिनियर आयुष्यात पहिल्यांदा मॉइश्चर सोडून दुसरं काही बोलले. त्यांनी तिथल्या तिथे युनिटं काढली. रक्कम एका वडापावच्या आसपास निघाली. तरी प्रश्न तत्त्वाचा आहे, असं ठरलं.

काका पुण्याहून आले होते. मान खाली घालून बसले होते, पण गाडी चालू स्थितीत आहे हा मुद्दा त्यांनी सोडला नाही. तेवढ्यात कन्या मागच्या खुर्चीवरून म्हणाली, “पण काका, तुम्ही इथे राहतच नाही, तर गाडी कोण चालवतं?” काकांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, “ही पोरं मधे कडमडली नसती ना...” पुढचं ऐकूच आलं नाही, कारण ती आणि तिचे दोघे मित्र खुर्चीवर उभे राहून टाळ्या पिटत होते. पकडला गेलेला प्रत्येक मुखवटेवाला हेच म्हणतो, असं तिने मला नंतर समजावलं.

वायर बदलली, चार्जर जप्त झाला. जागेचं मात्र काही झालं नाही. दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात असा विषय निघाला, बिल्डरला पैसे दिलेले तिघे एकदम उठले, आणि अध्यक्षांनी चहा मागवला. काका आता महिन्यातून एकदा स्वतः येतात, गाडी टोलनाक्यापर्यंत नेऊन आणतात आणि सेक्रेटरींना किलोमीटरचा फोटो पाठवतात.

मी यादीत अजून पहिलाच. चौथ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या की विचारतात, “काय हो, झोप लागते का आता?” आणि उत्तर द्यायच्या आत पुढे म्हणतात, “उंदीर तिथवर चढले कसे पण, नाही?”