होंडाचा हट्टी बोल्ट आणि स्टार्टरची युक्ती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि सडेतोड आहे, तेव्हा उत्तरही तसंच देतो. बाकीच्या वाचकांसाठी आधी तिचा मथितार्थ सांगतो. जुन्या होंडा सिटीचा टायमिंग बेल्ट घरी बदलताना क्रँक पुलीचा (क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, त्याच्या टोकाची पट्टे फिरवणारी चकती ती पुली) मधला बोल्ट कसा सोडवावा, यावर मी लिहिलं होतं. ते तुम्हाला ‘उगाच घाबरवणारं’ वाटलं. पुली धरायचं खास हत्यार, दांड्याखाली टेकू ही सगळी थेरं आहेत, असं तुमचं म्हणणं. गॅरेजमधला कुठलाही पोऱ्या गोटी (बोल्टाच्या डोक्यावर बसणारा सॉकेट) अडकवतो, तिचा दांडा जमिनीला टेकवतो, स्टार्टर मारतो आणि बोल्ट सुटतो. तुम्ही स्वतः सँट्रोवर हे केलेलं आहे. नाहीच सुटला तर डब्ल्यूडी-४० चा फवारा मारून रात्रभर ठेवावा, नाहीतर गॅसनं तापवावा. आणि येत्या रविवारी मेव्हण्यांच्या १९९९ च्या सिटीवर हे करून दाखवणार आहात.

ते शेवटचं वाक्य वाचलं म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसलो. सिटीवर स्टार्टर मारू नका. बोल्ट सुटणार नाही, उलट आवळला जाईल.

कारण अगदी साधं आहे. बहुतेक गाड्यांत पट्ट्यांची बाजू उजव्या चाकाकडे असते. तिथून पाहिलं तर इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतं. बोल्टाला आटे नेहमीचेच, म्हणजे काट्यांच्या उलट फिरवला की सुटणारे. गोटी आणि दांडा अडकवून बोल्ट जागेवर रोखला आणि क्रँक काट्यांच्या दिशेनं फिरवला, तर क्रँकच्या मानानं बोल्ट उलटा फिरतो आणि सुटतो. सँट्रोत तुमचं काम झालं ते असं. त्या काळच्या होंडाच्या डी मालिकेच्या इंजिनांत मात्र पट्टे डाव्या चाकाकडे आणि गिअरबॉक्स उजवीकडे. पुलीकडून पाहिलं तर इंजिन काट्यांच्या उलट फिरतं. (गाडी पुढे जाताना डावं चाक डावीकडून पाहा, तेही उलटंच फिरताना दिसेल.) आटे मात्र इथेही नेहमीचेच आहेत. म्हणजे बोल्ट सुटायची दिशा आणि इंजिन फिरायची दिशा एकच. दांडा रोखून धरलात तर स्टार्टर त्या बोल्टाला झटक्यासरशी आणखी घट्ट करेल. आणि सँट्रोच्या सवयीनं दांडा उजव्या हाताला टेकवलात, तर तो जमिनीवर दाबला न जाता वर उसळेल आणि मडगार्डचा पत्रा फाडेल. तिथे मेव्हणे वाकून बघत नसावेत एवढीच इच्छा.

२००३ साली आलेल्या सिटीत होंडानं ही दिशा बदलली. त्या इंजिनात पट्टे उजवीकडे गेले, टायमिंगला बेल्टऐवजी चेन आली. त्यामुळे ‘मी सिटीवर केलंय, काही होत नाही’ असं कुणी सांगितलं तर कुठल्या सालची गाडी ते आधी विचारा. आणि फियाटच्या १.९ जेटीडी डिझेलला हात लावायची वेळ आली, तर तिथे क्रँकचा बोल्टच उलट्या आट्यांचा आहे. तिथे तर ताकदवान माणूस जास्त नुकसान करतो.

जिथे दिशा बरोबर आहे तिथे ही युक्ती चालते, ते मी नाकारत नाही. इग्निशन आणि पेट्रोल दोन्ही तोडलेलं असेल, दांडा भक्कम जागी टेकलेला असेल आणि सगळे लांब उभे असतील, तर अनुभवी मेकॅनिक ती करतो. पण घरी, अंगणात, पहिल्यांदाच हात काळे करणाऱ्याला मी ती सांगणार नाही. तुम्ही याला भित्रेपणा म्हणालात. म्हणा.

आता मुख्य मुद्दा. हा बोल्ट गंजानं धरलेला आहे असं समजूनच तुम्ही डब्ल्यूडी-४० सुचवलंत. तो एकदा काढलात की नीट निरखून पाहा. आटे बहुधा स्वच्छ, तेलकट, नव्यासारखे निघतात. जे काही झालेलं असतं ते डोक्याखालच्या वॉशरच्या तोंडावर: करड्या-तपकिरी रंगाचं एक कडं, मध्येच चकचकीत घासलेले चट्टे. पकड तिथे असते. कुठलाही बोल्ट आवळताना आपल्या जोरातला साधारण निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांतल्या घर्षणात. बोल्टाला ताण देण्यात जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो. या बोल्टाला मुळातच १८० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचं असतं, वर कित्येक वर्षं ते तोंड गरम-थंड होत, थरथरत, एकमेकांत रुतत गेलेलं. इतक्या दाबाखाली मिटलेल्या दोन तोंडांच्या मध्ये वरून मारलेला फवारा शिरत नाही. डब्ल्यूडी-४० मुळात १९५३ साली सॅन डिएगोत क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवायला, गंज टाळायला बनवलं गेलं. ते काम ते उत्तम करतं. इथे मारलंत तर तोटा नाही, फक्त शेजारच्या पट्ट्यावर उडू देऊ नका. पण रात्रभर वाट पाहून सकाळी बोल्ट मऊ झालेला असेल, ही आशा सोडा.

सायलेन्सरकडची गोष्ट वेगळी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे, नट खरोखर गंजतात, आणि कोकणातल्या, खाऱ्या वाऱ्यातल्या गाड्यांत तर नट कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो ते कळत नाही. तिथे तेल मारा, थांबा, हातोडीनं हलके ठोके द्या, परत मारा. तिथेच उष्णताही कामाची: नट तापून फुगतो, मधला स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) त्या मानानं थंड राहतो, पकड ढिली होते. तोच उपाय क्रँक पुलीवर केलात तर पुलीच्या मधलं रबर जळेल. पुली वरून अखंड दिसते, पण ती बहुधा दोन कड्यांची असते आणि मधल्या रबरावर बाहेरचं कडं तरंगत असतं. त्यामागे क्रँकचं ऑइल सील (तेल आत अडवणारं कडं), तेही रबराचंच. वाचवलेल्या तासाभराच्या बदल्यात तेल गळणारी, डुगडुगणारी पुली मिळेल. म्हणून पुलीजवळ गॅस नको म्हणतो.

मग जोर कमी पडतो का? हिशोब करून बघू. ७० किलोचा माणूस ६० सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकाला लोंबकळला तर ४०० न्यूटन-मीटरहून जास्त टॉर्क (पिळायचा जोर) होतो, आवळायच्या मापाच्या दुपटीहून अधिक. तरीही माणसं पाईप लावून नाचतात आणि बोल्ट ढिम्म. जोर आहे, पण तो बोल्टापर्यंत पोचत नाही. तुम्ही ज्याला थेरं म्हणालात ती सगळी याच गळतीवर आहेत.

पहिली गळती क्रँक धरण्यात. टॉप गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून बसवायचं ही नेहमीची पद्धत. त्यात आपला रेटा क्लच, गिअर, ड्राइव्हशाफ्ट आणि शेवटी टायर इतक्या ठिकाणी थोडा थोडा वळतो. प्रत्येक जागी थोडी स्प्रिंग. पुरेसा ताण चढायच्या आत दांडा खाली येऊन जमिनीला लागतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. होंडाच्या त्या काळच्या पुष्कळ पुलींच्या तोंडावर ५० मिलिमीटरची षटकोनी खाच असते. तिच्यात बसणारं धारक हत्यार मिळतं, मध्ये गोटी जाईल एवढं भोक असलेलं. त्याचा दांडा गाडीच्या पक्क्या भागाला टेकवला की क्रँक जागचा हलत नाही, आणि तुमचा सगळा रेटा बोल्टावर येतो. मेव्हण्यांच्या गाडीला ती खाच आहे का ते शनिवारीच चाक काढून पाहा. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी सोडून पिस्टन अडवायची पद्धतही चालते. मला ती आवडत नाही. दोरीचा धागा तुटून आत राहिला की पुढचा सगळा दिवस चिमट्यात जातो.

दुसरी गळती एक्स्टेन्शनमध्ये. गोटी आत खोल, दांडा चाकाच्या कमानीबाहेर, मध्ये दोघांना जोडणारी फूट-दीड फूट लांब सळी, म्हणजे एक्स्टेन्शन. त्याला खालून आधार नसेल तर दांडा दाबताच बाहेरचं टोक खाली झुकतं, गोटी बोल्टाच्या डोक्यावर तिरकी होते आणि कडा खायला लागते. डोक्याच्या कडा एकदा गोल झाल्या की मग ईझी-आउट (अडकलेला बोल्ट उपटायचं हत्यार), वेल्डिंग असल्या गोष्टी मागे लागतात. म्हणून एक्स्टेन्शनच्या बाहेरच्या टोकाखाली एक स्टँड ठेवायचा आणि त्यावर ते बेअरिंगसारखं फिरू द्यायचं. मग हातानं तोलून धरावं लागत नाही आणि दाब निव्वळ वळणात जातो. गोटी सहा कोनांची, अर्धा इंची चौकाची घ्या. बारा कोनांची या कामाला नको.

एवढं केलं की दांड्यावर धक्के द्यायची गरज राहत नाही. सावकाश, वाढता दाब द्या. दांडा थोडा वाकल्यासारखा वाटेल, आणि मग एकदम बंदुकीसारखा ‘टाक्’ आवाज येईल. काळीज लक्कन हलतं, वाटतं बोल्ट तुटला. बहुतेक वेळा तो सुटलेला असतो; गोटी पुढे हलकी फिरली आणि बोल्ट सरळ बाहेर आला की समजा. आणि हे सगळं गाडी पक्क्या जॅक-स्टँडवर असताना, नुसत्या जॅकवर कधीच नाही. ‘इतकी काय काळजी’ असं तुम्ही याच वाक्याला लिहिलंय, म्हणून ते मुद्दाम परत लिहितो.

एक मुद्दा तुमचा शंभर टक्के मान्य. टायरवाल्याकडे चांगली हवेची गन असेल तर पाच मिनिटांत काम होतं. गनचे ठोके इतके क्षणिक असतात की पुलीचं वजनच तिला धरून ठेवतं, वेगळं काही अडवावं लागत नाही. पण तिलाही लांब एक्स्टेन्शन लावलं की त्याच्या पिळात ठोके विरतात. मग लोक म्हणतात, ‘गननंही नाही सुटला’. आखूड एक्स्टेन्शन, जाड भिंतीची इम्पॅक्ट गोटी आणि कॉम्प्रेसरमध्ये पूर्ण दाब, एवढं असेल तर खुशाल जा. बोल्ट तिथेच सुटा करून, हातानं परत आवळून गाडी सावकाश घरी आणायची, असं काही जण करतात. ते मात्र करू नका. ढिल्या पुलीवर चालवलेली गाडी क्रँकची चावी (पुलीला क्रँकवर घसरू न देणारा लोखंडी तुकडा) आणि तिची खाच खाते, आणि तो खर्च बेल्टच्या कित्येक पट असतो.

त्याच कारणानं परत बसवताना गन वापरू नका. वॉशरचं तोंड आणि पुलीचं तोंड पुसून कोरडं करा. आट्यांना इंजिन ऑइलचं बोट लावा, डोक्याखाली तेल नको. मग धारक लावून टॉर्क रेंचनं त्या गाडीच्या मापाला आवळा. पुली उघडली आहेच तर वॉटर पंप आणि पुढचं ऑइल सीलही पाहून घ्या, तिथे परत जायची हौस कुणाला नसते.

बेल्ट चढवल्यावर चावी मारायच्या आत प्लग काढून इंजिन हातानं पाच-सहा फेरे फिरवा, काट्यांच्या उलट दिशेनं. मग टायमिंगच्या खुणा परत जुळतात का पाहा. कुठे अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, तिथेच थांबून फोटो काढा आणि इथे टाका.