कोशाच्या स्टोलला दोन स्टार देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. त्यात तुम्ही लिहिलंय की माझ्या दुकानातून घेतलेला कोशाचा, म्हणजे तसर रेशमाचा, स्टोल गाठीगाठींचा आणि ओबडधोबड आहे, बहिणीसाठी घेतलेल्या दुसऱ्या स्टोलशी त्याचा रंग जुळत नाही, पहिल्याच धुण्यात त्यावर काळे डाग पडले, आणि असाच स्टोल नागपूरच्या इतवारी बाजारात साडेतीनशेला मिळत असताना मी २,२०० रुपये घेते. शेवटी लिहिलंय, ‘कॉलेजातल्या मुलीचे प्रॅक्टिकलचे तुकडे आपण विकत घेतोय.’ तुमच्यासारखे प्रश्न आणखीही काहींच्या मनात असतील, म्हणून इथेच सविस्तर लिहिते.

आधी डागांचं. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. डाग स्टोलच्या बरोबर मधोमध आहेत आणि या काठापासून त्या काठापर्यंत एका सरळ रेषेत आहेत. बाकीचा पिवळा रंग दिला तेव्हा होता तसाच आहे. रंग सुटला असता तर तो सगळीकडून फिकट झाला असता. सरळ रेषेतला काळा डाग गंजलेल्या तारेचा असतो. हा पिवळा डाळिंबाच्या सालीचा आहे. धरमपेठेतल्या एका ज्यूस सेंटरवाल्या काकांकडून मी साली आणते, वाळवते आणि तुरटी दिलेल्या कोशाला त्यांच्या काढ्यात रंगवते. सालीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असतं. ओल्या टॅनिनला लोखंड लागलं की जागच्या जागी काळा रंग तयार होतो. तुमच्याच स्टोलच्या पदरावरची काळी नक्षी मी याच गुणावर छापली आहे. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात बरेच दिवस मुरवून त्या पाण्याची खळ केली की ठसा मारलेल्या जागी काळं उमटतं. म्हणूनच पिशवीतल्या चिठ्ठीत ‘सावलीत, दोरीवर वाळवा, लोखंडी तार नको’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे घरोघरी वाळवणाला तारच असते, त्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही हे मला समजतं.

आता गाठी. हा स्टोल घिच्याचा आहे. कोशाचे किडे घरात ठेवून वाढवत नाहीत, ते भंडारा-गडचिरोलीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढतात, आणि पक्षी-मुंग्यांपासून त्यांची राखण करावी लागते. ज्या कोषातून पतंग बाहेर पडलेला असतो त्याला भोक पडतं आणि त्याचा सलग धागा निघत नाही. अशा कोषांतून हाताने ओढून काढलेलं सूत म्हणजे घिचा. ते कुठे जाड, कुठे बारीक असणारच. कापडाचा पोत, त्याची ऊब आणि ती मंद चमक त्यातूनच येते. मला स्वतःला गुळगुळीत कोशापेक्षा घिचा जास्त आवडतो आणि दुकानात तो मी हौसेने ठेवते. ज्यांना एकसारखी वीण हवी असते त्यांना मी सलग धागा उलगडून केलेल्या तसरचा दाखवते; तोही माझ्याकडे आहे.

दोन स्टोलचा रंग जुळत नाही हे अगदी खरं आहे आणि तो पुढेही तंतोतंत जुळणार नाही. कोशाचा मूळ रंगच मधासारखा असतो, आणि तो प्रत्येक लडीत थोडा वेगळा येतो. त्यावर डाळिंबाची साल कोणत्या हंगामाची, पाणी नळाचं की बोअरचं, यानेही छटा बदलते. जोडी हवी असेल तर आधी सांगा, एकाच लडीचे दोन्ही स्टोल एकाच भांड्यात रंगवून देते.

इतवारीतल्या साडेतीनशेच्या स्टोलबद्दल मी वाईट बोलणार नाही. तो ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा. फक्त तो कोसा आहे का हे घरीच बघा. दशीतले दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. कोसा जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे बोटाने चुरता येणारी राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. माझ्या स्टोलचे धागेही असेच जाळून बघा, मी स्वतः काढून देईन.

२,२०० मधला अर्ध्याहून जास्त पैसा भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या विणकर दादांना जातो, आणि तो कापड हातात येताच जातो, विक्रीची वाट न पाहता. त्यांच्या घरात पुढच्या पिढीतलं कुणी मागावर बसत नाही. नागपुरातही कोष्ट्यांच्या वस्त्यांमधून मागाचा आवाज एकेकाळी दिवसभर यायचा, आता तो शोधावा लागतो. किंमत उतरवायची तर ती त्यांच्या मजुरीतूनच उतरवावी लागेल. ते मी करणार नाही.

आणि हो, मी विद्यार्थिनी आहे. वस्त्रशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दुकानाच्या पाटीवरही तसं लिहिलेलं आहे. त्या शिक्षणाचा फायदा गिऱ्हाइकालाच होतो. प्रत्येक नवा रंग विकायला ठेवण्याआधी त्याचा नमुना मी प्रयोगशाळेत धुऊन, घासून ग्रे स्केलशी, म्हणजे करड्या छटांच्या प्रमाण पट्टीशी, ताडून बघते. त्यात ५ म्हणजे रंग अजिबात न बदललेला आणि १ म्हणजे पार गेलेला. ४ च्या खालचा रंग मी ठेवत नाही. हळदीचा पिवळा सगळे मागतात, दिसतोही फार सुंदर, पण उन्हात तो टिकत नाही आणि नागपूरचं ऊन आपल्याला माहीत आहे. म्हणून तो माझ्याकडे नाही. प्रॅक्टिकलचे तुकडे मी वहीत लावते, दुकानात लावत नाही.

पैसे परत करता येणार नाहीत, कारण स्टोल वापरलेला आणि धुतलेला आहे. पण तो वाया गेलेला नाही. पिवळा न बिघडवता डागाचं लोखंड काढता येत नसलं तरी तेच लोखंड सगळीकडे सारखं देता येतं. हिराकसाच्या (लोखंडाच्या क्षाराच्या) अगदी सौम्य पाण्यातून काढला की पूर्ण स्टोल करडा होईल आणि रेघ त्यात मिसळून जाईल. पदरावरची नक्षी थोडी पुसट दिसेल, हे आधीच सांगते. याचे पैसे घेणार नाही. फक्त तोवर डागावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नका, त्याने आजूबाजूचा पिवळाही जाईल आणि पांढुरके ठिपके पडतील, ते मग करड्यातही झाकत नाहीत. कॉलेज सुटल्यावर पाचनंतर मी दुकानात असते. स्टोल पुन्हा धुऊ नका, आहे तसाच आणा. लोखंड जास्त झालं तर रेशीम ठिसूळ होतं, म्हणून डागात ते किती मुरलंय हे बघूनच हिराकसाचं माप ठरवावं लागेल.