संस्थेला फुकट सॉफ्टवेअर? आधी हिशेब मांडू

सेवाभावी संस्थेचं काम असेल तर सॉफ्टवेअर फुकट करून द्यावं, फार तर निम्मे पैसे घ्यावेत, असं सांगणारा मजकूर आमच्या धंद्यातल्या ग्रुपांवर अधूनमधून येऊन पडतो. खाली हात जोडलेल्यांची रांग. कारणं ठरलेली असतात: कोड लिहायला माल लागत नाही, मोठ्या कंपन्या संस्थांना फुकट देतातच, देणगी दाखवून कर वाचवता येतो, देणगीदारांचा पैसा संगणकावर उडवू नये, आणि विश्वास असताना करार कशाला? हेतू चांगला आहे, हिशेब चुकलाय.

माल लागत नाही हे खरं, पण तास लागतात. माझ्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्याचं गणित बघा. घर आणि धंदा मिळून महिन्याचा खर्च ७५,००० रुपये धरू. महिन्याला दोनशे तास राबलो तरी बिलात लावता येतील असे शंभरच. बाकीचे भेटीगाठी, कोटेशनं आणि थकलेल्या पैशांसाठीचे फोन यांत जातात. म्हणजे तासाला ७५० हे माझं मुद्दल. बाजारात मी १,००० सांगतो. काम २४० तासांचं असेल तर बाजारभाव २,४०,००० आणि मुद्दल १,८०,०००. मधले ६०,००० हा नफा, आणि तो संस्थेसाठी मी खुशीने सोडतो. पण निम्मा भाव म्हणजे १,२०,०००. तिथे मुद्दलातलेच ६०,०००, म्हणजे ८० तास गेले. ते वसूल होतात चाचणीतून, बॅकअपमधून, ‘हे कसं वापरायचं’ ही चार पानं न लिहिण्यातून. पहिल्या दिवशी ते कुणाला दिसत नाही, म्हणून कात्री तिथेच लागते.

हे पाप मी स्वतः केलंय. एका संस्थेला देणगी पावत्यांचं सॉफ्टवेअर फुकट करून दिलं होतं. नाव, रक्कम, तारीख, छापील पावती, सगळे खूश. मग ८०जीची सवलत (१९६१ च्या आयकर कायद्यातली, देणगीदाराला देणगीवर मिळणारी वजावट) असलेल्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांची यादी १०बीडी या फॉर्ममध्ये आयकर खात्याला देणं सक्तीचं झालं. प्रत्येकाचा पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक, पत्ता, देणगीचा प्रकार, पैसे कसे आले, हे सगळं त्यात हवं. पहिली मुदत ३१ मे २०२२, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये पॅनचा रकानाच नव्हता! त्या मे महिन्यात मी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कामात बुडालेलो. संस्थेच्या ताईंनी जुन्या पावत्यांचे गठ्ठे काढून, देणगीदारांना एकेक फोन लावून एक्सेलमध्ये यादी भरली. मी फुकट दिलं होतं, म्हणून त्यांना माझ्यावर रागावताही येईना. ‘तुम्ही कामात असाल, म्हणून फोन नाही केला,’ एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नियम बदलतात, सर्व्हरचं भाडं दरवर्षी येतं, एसएमएसला पैसे पडतात. म्हणून योग्य किंमत म्हणजे एक आकडा नाही, दोन: बनवण्याचा आणि दरसालच्या देखभालीचा. देखभालीचे मी बनवण्याच्या किमतीच्या १५ ते २० टक्के धरतो.

आता कंपन्यांचं. गूगल, मायक्रोसॉफ्ट, सेल्सफोर्स संस्थांना फुकट किंवा सवलतीत देतात, बरोबर. पण ते देतात तयार वस्तूची आणखी एक प्रत, आणि त्या प्रतीचा खर्च नगण्य असतो. संस्थेच्या मापाने शिवलेल्या कपड्याला हा न्याय लागू होत नाही. उलट तयार वस्तूने भागत असेल तर तसं सांगणं हा माझ्या मते प्रामाणिकपणाचा पहिला भाग. मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब-व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारं आहे. त्यावर थोडी जुळवाजुळव करून काम होत असेल तर २४० तासांचं कोटेशन देऊच नये.

कर वाचतो, हे तर साफ खोटं. देणगीची वजावट मिळते ती पैशाच्या देणगीला. वस्तू किंवा श्रम दिले तर नाही. पूर्ण बिल घेऊन काही रक्कम परत देणगी द्यायची, हा उपायही हुशारीचा वाटतो तेवढा नाही. आधी पूर्ण रक्कम तुमचं उत्पन्न ठरते. वजावट मिळते ती बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्केच, आणि नव्या करप्रणालीत तेवढीही नाही. त्यापेक्षा बिलावर मूळ किंमत, खाली सूट आणि मग देय रक्कम लिहावी. संस्थेलाही कळतं की काय वाचलं, आणि पुढचा माणूस सूट देणार नाही तेव्हा धक्का बसत नाही. जीएसटीची नोंदणी असेल तर १८ टक्के आधीच सांगा. धर्मादाय कामाला तो कर परत मिळत नाही, संस्थेच्या दृष्टीने ती किंमतच.

देणगीदारांच्या पैशाची काळजी रास्त आहे. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० वरून २० टक्क्यांवर आली, त्यामुळे चिटणीस घाबरतात. पण सीएसआरमधली, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशातली, ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांचा थेट खर्च तीत मोडत नाही. देखरेखीचं सॉफ्टवेअर प्रस्तावातच मांडता येतं. कुणी मांडत नाही, कारण ते ‘फुकट होणार’ असतं.

आणि करार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तोच, पैसे कुणीही दिलेले असोत. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांपुरते धरले जातात. विश्वासावर काम घेतलेल्या संस्थेच्या हातात उद्या सोर्स कोडही नसतो.

मे महिन्याच्या त्या गोंधळानंतर त्याच संस्थेला मी नवं कोटेशन दिलं: सूट दाखवलेलं, देखभालीची ओळ वेगळी. घासाघीस होईल म्हणून तयारीने गेलो होतो. चिटणीसकाकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, “देखभालीचे दर तिमाहीला दिले तर चालतील का?”