सॉर्टच्या नावाखाली नुसता बाण फिरतो!

वेबपेजवरच्या टेबलात कॉलमच्या हेडरवर क्लिक केलं की ओळी नीट क्रमानं लागाव्यात (म्हणजेच सॉर्ट), एवढीच अपेक्षा असते. तेवढंही धड जमू नये? आणि मीटिंगमध्ये तासभर वाद कशावर, तर टेबलासाठी तयार कोडची लायब्ररी कुठली घ्यायची! डेटाटेबल्स घ्या, टॅनस्टॅक घ्या, नाहीतर स्वतः लिहा. काहीही घ्या हो, पण आधी तुम्ही नक्की काय सॉर्ट करताय ते तरी बघा.

रकमेच्या कॉलमवर क्लिक केलं की १, १०, १००, २, ९. जावास्क्रिप्टच्या सॉर्टला तुलनेचं फंक्शन दिलं नाही तर ते आकड्यांनाही स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, समजतं, हे अगदी प्राथमिक ज्ञान आहे. मग कुणीतरी घाईघाईत पार्सफ्लोट, म्हणजे मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन, चिकटवतं. सेलमध्ये लिहिलेलं असतं ‘१,२००’. पार्सफ्लोट स्वल्पविरामापाशी थांबतं आणि हातावर १ टेकवतं. झालं, बाराशेची रक्कम दोनपेक्षा लहान! अरे, सेलमधला मजकूर माणसाला वाचायला असतो, सॉर्ट मूळ डेटावर करायचा असतो. टेबल सर्व्हरवरूनच तयार होऊन येत असेल तर प्रत्येक सेलच्या डेटा-अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे एचटीएमएलमधल्या न दिसणाऱ्या नोंदीत, मूळ किंमत ठेवा. तारीख दाखवा हवी तशी, पण आत २०२३-११-०५ अशी ठेवा, ती स्ट्रिंग म्हणूनसुद्धा बरोबर लागते. नावांसाठी इंटल कोलेटर, म्हणजे भाषेच्या नियमांनी शब्दांची तुलना करणारं साधन, ब्राउझरमध्येच आहे. तो एकदा बनवून वापरायचा सोडून दर तुलनेला लोकेलकम्पेअर हे तसंच काम करणारं फंक्शन बोलावतात, आणि वर म्हणतात ब्राउझर स्लो आहे. हेडर म्हणून तर बटणाऐवजी क्लिक लावलेला नुसता डिव्ह, एचटीएमएलमधला साधा चौकोन. टॅब दाबून तिथं पोचताच येत नाही, क्रम कुठल्या कॉलमवर आहे ते स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या एरिया-सॉर्टचा (aria-sort) पत्ता नाही. कीबोर्डवर काम करणाऱ्यानं काय करायचं?

पण डोकं खरं फिरतं ते पेजिंगवर, म्हणजे टेबल पानापानानं दाखवण्यावर. पाच हजारांपैकी पन्नास ओळी ब्राउझरमध्ये येतात, आणि तेवढ्याच पन्नास लावून बाण ऐटीत मिरवतो. वापरणाऱ्याला वाटतं, सर्वांत मोठी थकबाकी पहिल्या ओळीत आहे. नसते! ती सत्तराव्या पानावर पडलेली असते, आणि तो बिचारा भलत्याच ग्राहकाला फोन लावून बसतो. सगळा डेटा ब्राउझरमध्ये असेल तर काही हजार ओळी तिथंच लावा, खुशाल. नसेल तर क्लायंट-साइड, म्हणजे ब्राउझरमधला, सॉर्ट हा पर्यायच नाही, क्रम सर्व्हरकडूनच मागवावा लागतो. हे सांगितलं की दोषाच्या तक्रारीच्या तिकिटावर शेरा पडतो, ‘यूआयमधला किरकोळ दोष’. खोटं उत्तर दाखवणारं टेबल किरकोळ कसं काय?