'अप देअर, कॅझाली!' ही घोषणा नव्हतीच

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. रॉय कॅझाली हा जुना खेळाडू ताडमाड उंच होता, म्हणून सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू झेलायचा. 'अप देअर, कॅझाली' ('वर जा, कॅझाली') हे गाणं त्याच्यासाठी मैदानात म्हटलं जायचं. आणि साउथ मेलबर्न या क्लबला त्यानं अजिंक्यपद मिळवून दिलं.

यातलं काहीच खरं नाही. उंचीचं आधी. तो १८० सेंटीमीटर होता, म्हणजे पाच फूट अकरा इंच. रकमन म्हणजे उंच उडालेल्या चेंडूसाठी उडी घेणारा खेळाडू; त्याच्यासाठी ही उंची काही अफाट नव्हे. घरच्या शेडमध्ये चेंडू टांगून तो उडीचा सराव करायचा आणि उडी घेताना श्वास छातीत भरून धरायचा. श्वासाचा उपयोग किती, यावर वाद घालता येईल; वेळ साधण्याचा उपयोग मात्र निर्विवाद. उडी लवकर घेतली तर चेंडू येईतो खेळाडू खाली येऊ लागतो. उशीर झाला तर प्रतिस्पर्धी आधीच वर गेलेला असतो.

शिवाय धावत येताना कुणी कमरेला धक्का दिला की उडीची दिशाच बिघडते. तो धक्का अडवायचं काम त्याचा संघसहकारी फ्रेड 'स्कीटर' फ्लायटरचं. चेंडूजवळच्या प्रतिस्पर्ध्याला अंगानं रोखणं या खेळात नियमाला धरून आहे. वाट मोकळी झाली की फ्लायटर ओरडायचा, "अप देअर, कॅझाली!" उंच झेलाखाली क्षेत्ररक्षक "माझा!" म्हणून ओरडतो ना, तसाच हा कामाचा इशारा. कॅझालीनं वरून टोलवलेला चेंडू खाली मार्क टँडी हा रोव्हर, म्हणजे खाली पडणारा चेंडू पकडणारा चपळ खेळाडू, उचलायचा. प्रेक्षकांनी ती हाक नंतर उचलली. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या तोंडीही ती होती.

गाणं १९७९चं, माइक ब्रेडीचं, चॅनल सेव्हनच्या फुटबॉल प्रक्षेपणाच्या जाहिरातीसाठी केलेलं. कॅझाली १९६३ मध्येच वारला होता.

अजिंक्यपदाचा दावा तर साध्या तारखांपुढेही टिकत नाही. साउथ मेलबर्न १९०९, १९१८ आणि १९३३ मध्ये जिंकलं. कॅझाली तिथं १९२१ ते १९२७ होता, तोही १९२५चा हंगाम मिनिप या गावी घालवून. त्याआधी १९११ ते १९२० तो सेंट किल्डा या क्लबकडे होता, पण त्या क्लबचं पहिलं अजिंक्यपद १९६६चं. १९१६ आणि १९१७ मध्ये तर पहिल्या महायुद्धामुळे सेंट किल्डा स्पर्धेत उतरलंच नाही. ते दोन हंगाम बुडाले नसते तर निदान तिथं त्याचे शंभर सामने झाले असते. सेंट किल्डाकडून ९९ आणि साउथकडूनही ९९, असे एकूण १९८ सामने त्याच्या नावावर आहेत.