ॲन ग्रिफिथ्सची स्तोत्रं नेमकी कुणाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वेल्समधल्या कवी आणि धर्मोपदेशकांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी तीन-चारदा वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वेल्श भाषेत रचणाऱ्या ॲन ग्रिफिथ्सची स्तोत्रं मोलकरणीने आठवून सांगितली आणि एका पाद्र्याने उतरवून घेतली, मग अशा ऐकीव मजकुरावरून तिला थोर कवयित्री कसं ठरवायचं? बहिणाबाईंशी मी केलेली तुलना ओढूनताणून आणलेली आहे. आणि ज्या चॅपलवाल्यांनी, म्हणजे मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी, वेल्सचा नाच आणि हार्प हे तंतुवाद्य गप्प केलं, त्यांनाच मी भाषेचे तारणहार म्हणते आहे.

तुलनेचा मुद्दा मान्य. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या हयातीत घरातल्याच लिहित्या माणसांनी टिपली होती. ॲनच्या बाबतीत सगळं फार काठावर होतं. १८०५च्या ऑगस्टमध्ये ती वारली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि तिची तान्ही मुलगी तिच्या आधी काहीच दिवस गेली होती. तिच्या हस्ताक्षरातलं आज एकच पत्र शिल्लक आहे, एलिझाबेथ इव्हान्स हिला लिहिलेलं, आणि त्यात एकच कडवं. बाकीची सत्तराहून थोडी जास्त कडवी रूथला पाठ होती म्हणून राहिली.

रूथ इव्हान्स डोलवार वाख या ॲनच्या शेतघरात कामाला होती. तिला लिहिता येत नव्हतं. त्याच वर्षी तिचं लग्न जॉन ह्यूजशी झालं. ती सांगत गेली आणि तो वहीत उतरवत गेला. पुढच्याच वर्षी, १८०६ साली, बाला गावच्या थॉमस चार्ल्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने त्यातली स्तोत्रं छापून आणली. छापताना शब्द बदलले, खडबडीत जागा घासून गुळगुळीत केल्या. ह्यूजच्या वहीत मात्र त्या जागा आहेत तशा आहेत. ती वही राहिली म्हणून छापील पाठ तिच्याशी ताडून पाहता येतो.

मग ही रचना ह्यूजचीच नसेल कशावरून, असं तुम्ही सुचवलंत. ह्यूजने स्वतःही पुष्कळ स्तोत्रं लिहिली. नेटकी, भाविक, छंदात चोख बसणारी. पण ॲनची येशूच्या मरणावरची एक ओळ घ्या: ज्याने जीवन निर्माण केलं त्यालाच मरण द्यायचं, आणि पुनरुत्थानालाच पुरून टाकायचं! 'पुनरुत्थान झालेल्याला' नव्हे, पुनरुत्थानालाच. व्याकरण सांभाळून लिहिणारा माणूस इथे थबकला असता. ही धिटाई ह्यूजकडे नाही. बायबलमधल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या दृष्टान्तातला मेंदीच्या झाडांमध्ये उभा असलेला पुरुष उचलून त्यालाच आपल्या प्रेमाचा विषय करणं, हेही त्याच्या आवाक्यातलं नाही. शिवाय ॲनच्या हातचं ते पत्र आहेच. त्यातलं गद्यही असंच बायबलच्या प्रतिमांनी गच्च भरलेलं, असंच धाप लागल्यासारखं धावणारं आहे. पत्र आणि स्तोत्रं शेजारी ठेवून वाचली की आवाज एकाच बाईचा आहे याविषयी माझ्या मनात शंका उरत नाही.

आता 'पाद्र्याने उतरवून घेतली' याबद्दल. तो पाद्री, म्हणजे जॉन ह्यूज, मुळात विणकर होता. पुढे थॉमस चार्ल्सच्या फिरत्या शाळांमध्ये मास्तर झाला आणि धर्मोपदेशकाची दीक्षा त्याला मिळाली ती थेट १८१४ साली. अशा फिरत्या शाळा पहिल्यांदा ग्रिफिथ जोन्स या धर्मगुरूने १७३१च्या सुमारास सुरू केल्या होत्या. हिवाळ्यात शेतीची कामं कमी असताना एका गावात जेमतेम तीन महिने शाळा भरायची, मग मास्तर पुढच्या गावाला. मुलं यायची, म्हातारीकोतारी यायची, आणि शिकवणं वेल्श भाषेतून चालायचं. १७६१ साली जोन्स वारला तोवर अशा तीन हजारांवर शाळा भरल्या होत्या आणि नोंदलेल्या विद्यार्थ्यांचा आकडा दीड लाखाच्या वर गेला होता. वेल्सची लोकसंख्या तेव्हा पाच लाखांच्या आसपास धरतात!

१५३६च्या कायद्याने न्यायालयाची भाषा इंग्रजी करून टाकली होती, आणि ज्याला फक्त वेल्श येते त्याला सरकारी पद मिळत नव्हतं. अ‍ॅबरिस्टविथचं विद्यापीठीय कॉलेज उघडलं १८७२ साली. मधली सव्वातीनशेहून जास्त वर्षं या भाषेने राहायचं कुठे? चर्चमध्ये आणि चॅपलमध्ये. विल्यम मॉर्गनने १५८८ साली अख्खं बायबल वेल्शमध्ये आणलं, तेव्हा तो ॲनच्या गावापासून फार लांब नसलेल्या एका डोंगराळ खेड्याचा धर्मगुरू होता. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्याने भाषांतर केलं, जुन्या दरबारी कवींच्या भाषेतला भारदस्तपणा त्यात उतरवला, आणि छपाईवर नजर ठेवायला लंडनला जाऊन राहिला, कारण खिळे जुळवणाऱ्यांना वेल्शचं अक्षरही कळत नव्हतं. या माणसाला विद्वान न म्हणता नुसता पाद्री म्हणायचं, हे मला पटत नाही. ॲन ज्या प्रतिमांनी विचार करते त्या तिला याच बायबलने दिल्या.

पण त्या फिरत्या शाळांची एक उणीव तुमच्या बाजूने बोलते, ती सांगते. त्या वाचायला शिकवत, लिहायला नाही. देवाचं वचन वाचता आलं की पुरे, लेखणी कशाला? रूथसारख्या बाईला ती सगळी कडवी स्वतः का उतरवता आली नाहीत, याचं बरंचसं उत्तर या आखूड हिशेबात आहे असं मला वाटतं.

हार्पच्या बाबतीत तर तुम्ही पूर्ण बरोबर आहात आणि मी लेखात ते टाळलं, ही चूकच झाली. एडवर्ड जोन्स या हार्पवादकाने आयुष्यभर जुने सूर गोळा केले. १८०२ साली त्याने संतापून लिहून ठेवलं की देशातलं गाणंबजावणं एकाएकी ओसरलं याचा दोष अडाणी, धर्मवेड्या प्रवचनकारांकडे जातो. त्याने जे डोळ्यांनी पाहिलं ते मी खोटं ठरवणार नाही. ॲनचीच गोष्ट घ्या. तिला नाचाची हौस होती. १७९६च्या ईस्टरला ती लानवुखलिनच्या जत्रेला म्हणून गेली आणि तिथे एका धर्मोपदेशकाचं प्रवचन ऐकून बदलून परत आली. त्यानंतर ती जत्रेत नाचली नाही. पुढे बेर्विनचे डोंगर पायी ओलांडून ती बालाला प्रभुभोजनाला जाऊ लागली. स्तोत्रं आली ती याच वाटेने, आणि नाच गेला तोही याच वाटेने. मला स्तोत्रं फार प्रिय आहेत. तरी गेलं त्याची किंमत लेखात मांडायला हवी होती.

एडवर्ड जोन्सवरचा परिच्छेद आज मूळ लेखात घातला आहे. बहिणाबाईंवरचं वाक्य काढलं आहे. आणि तुम्ही प्रतिक्रियेत 'मोलकरीण' हा शब्द वापरलात तो माझ्याच लेखातून उचललेला होता. 'घरातल्या एका मोलकरणीने' असं मी लिहिलं होतं, थॉमस चार्ल्सचं नाव चार वेळा घेऊन. आता तिथे 'रूथ इव्हान्सने' असं आहे.