रंगाच्या डब्यात कूलंट ओतण्याआधी हे वाचा

‘कडाक्याच्या थंडीत घराचा बाहेरचा रंग २० वर्षं टिकवण्याचं गुपित’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या फिरतोय. एरवी मी तो न वाचताच उडवला असता. पण परवा तो आमच्या मेहुण्यांनी पाठवला, आणि खाली लिहिलं होतं, ‘शनिवारी करून टाकतो.’ त्यांचं घर लाकडी आणि हिवाळ्यात पारा महिनोन्महिने शून्याखाली. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

मजकुरातला तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण मेहुण्यांच्या शनिवारच्या बेताचं मूळ तिथे आहे. म्हणे, ‘थंडीत रंगकाम काढायचं असेल तर पाण्यातल्या रंगात गाडीचं कूलंट मिसळा, म्हणजे रंग गोठत नाही.’

गोठणार नाही, कबूल. पण नीट वाळणारही नाही. पाण्यातला रंग म्हणजे बहुधा अ‍ॅक्रिलिक, आणि त्यात पॉलिमरचे (प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडून जाताना ते एकमेकांवर दाबले जातात, जुळतात आणि त्यांचा सलग पापुद्रा बनतो. त्यासाठी कण मऊ असावे लागतात, आणि गारठ्यात ते कडकच राहतात. म्हणजे पाणी गोठायच्या बरंच आधी काम बिघडलेलं असतं. भिंत ४ अंशांवर असताना साधा अ‍ॅक्रिलिक रंग लावून बघा. दुसऱ्या दिवशी वाळल्यासारखा दिसतो, पण बोट फिरवलं की पिठूळ भुकटी हाताला येते. कूलंटमुळे यातलं काहीच सुधारत नाही. उलट त्यातलं ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव्य, सावकाश उडतं, त्यामुळे रंग कितीतरी दिवस चिकट राहतो आणि उडणारी सगळी धूळ अंगावर घेतो.

यात अर्धसत्य आहे ते एवढंच, की पुष्कळ पाण्यातल्या रंगांत थोडं ग्लायकॉल कारखान्यातच घातलेलं असतं. ते मोजून घातलेलं असतं, आणि ते कशासाठी? तर वाहतुकीत डबा गोठून रंग फाटू नये, आणि ब्रशची कड लगेच सुकू नये. त्यावर आपण अंदाजपंचे आणखी ओतायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा. शिवाय गाडीच्या कूलंटमध्ये बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी आहे, मूत्रपिंडं निकामी करतं, आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं, ब्रश धुतलेलं हे पाणी अंगणात जाणार, आणि अंगणात मुलं खेळणार. मजकूर लिहिणाऱ्याला हे सुचलं नाही, की सुचूनही लिहिलं नाही?

मग थंडीचं करायचं काय? अमेरिकेच्या वनखात्याची विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला एक प्रयोगशाळा आहे. १९१० पासून ती लाकडावर संशोधन करते, आणि तिथला हिवाळाही काही लेचापेचा नाही. त्यांचं म्हणणं असं: पाण्यातला रंग द्यायला किमान १० अंश सेल्सिअस हवेत, आणि रंग दिल्यावर पुढचे २४ तास पारा त्याखाली जाता कामा नये. ऑइल पेंटला ४ अंश चालतात. कमी तापमानासाठी बनवलेले, साधारण २ अंशांपर्यंत चालणारे अ‍ॅक्रिलिक रंगही आता मिळतात. तसं डब्यावर छापलेलं असतं. लोक चुकतात ते दुपारचा पारा बघून. दुपारी १४ अंश, आणि रात्री २ अंश, शिवाय दव. मेहुण्यांच्या शनिवारचा अंदाज मी पाहिला, तो असाच आहे.

दुसरा मुद्दा: ‘जितका जाड थर तितकं संरक्षण, म्हणून दर हिवाळ्याआधी एक हात द्या.’ याच प्रयोगशाळेच्या हिशोबात प्रायमर (रंगाआधीचा, पकड देणारा अस्तराचा हात) आणि वरचे दोन हात मिळून वाळलेली जाडी ०.१० ते ०.१३ मिलिमीटर पुरते. वर्षानुवर्षं ऑइल पेंटचे थर चढवलेली जुनी घरं बघा. लाकूड फुगतं-आकसतं, तो जाड कडक थर ताणला जात नाही, आणि लाकडाच्या रेषांना आडवे तडे जातात. त्यावर उपाय एकच, सगळा रंग लाकडापर्यंत खरवडून काढणे. आणखी एक हात देऊन ते तडे मिटत नाहीत.

‘ऑइल पेंटच घ्या, अ‍ॅक्रिलिक थंडीत तडकतो’ हे तर सरळ उलटं आहे. ऑइल पेंट वाळल्यावरही हवेतला ऑक्सिजन घेत राहतो आणि वर्षागणिक ठिसूळ होतो. चांगला शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक लवचीक राहतो. मात्र सीडरसारख्या लाकडातून तपकिरी डाग वर येतात, तिथे ऑइल प्रायमर उत्तम काम करतो, हे नाइलाजाने मान्य. प्रायमर तो, आणि वरचे हात अ‍ॅक्रिलिकचेच.

‘प्रायमर म्हणजे दुकानदाराची कमाई’ असंही त्यात आहे. ज्यांना हे पटतं त्यांनी घराच्या रंगाचा सुटलेला एक पोपडा उलटा करून बघावा, पकड कुठे आणि का सुटली ते कळेल. मागे लाकडाचे करडे तंतू चिकटलेले असतील, तर रंग उन्हाने खाल्लेल्या लाकडावर दिला होता. कोरं लाकूड दोन आठवड्यांत रंगवून टाकावं म्हणतात ते याचसाठी. मागे जुना गुळगुळीत रंग दिसला, तर घासलं-धुतलं नव्हतं. आणि पोपडे न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवरच जास्त असतील, तर आतली वाफ भिंतीतून बाहेर येताना रंगामागे साचते आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. रंगामागच्या ओलीने तेच केलं तर कुठलाच रंग तग धरणार नाही. तिथे आधी वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवा. जुन्या रंगावर नवा बसेल का, ही शंका असेल तर कोपऱ्यात थोडा लावा, रात्रभर वाळू द्या, जखमेवरची चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीला रंग आला तर खरवडायला घ्या.

‘सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवा’: शुद्ध सिलिकॉनवर रंग धरत नाही, आणि फळ्यांच्या खालच्या कडा बुजवल्या तर आत शिरलेलं पाणी आतच राहतं. ‘गडद रंगाने बर्फ वितळतो’: गडद भिंत उन्हात जास्त तापते, रात्री तेवढीच गार होते, म्हणजे लाकडाची ओढाताण वाढते.

राहिली ती २० वर्षं. प्रायमरवर एक हात दिला तर ४-५ वर्षं, दोन हात दिले तर १० वर्षांपर्यंत, असं मॅडिसनवाले सांगतात. तेही लाकूड कोरडं आणि काम नीट झालं असेल तर. मेहुण्यांना मी दुसऱ्या हाताचाही रंग आत्ताच आणून ठेवायला सांगितलंय, आणि डबे घरात ठेवायला. गॅरेजमध्ये ते गोठतील.